बुद्धांच्या तसबिरीमागची सीता

माय, हे तुलाच विचारायचं होतं आणि तू गेलीस त्याला सोळा वर्षं झाली. परवा बुद्धांच्या तसबिरीची काच तडकली म्हणून तू ठोकलेले खिळे काढले. मागे पुठ्ठा असेल म्हणून ओढलं, तर निघाली सीता. अशोकवनात बसलेली, वर झाडात मारुती. हाताने रंगवलेला जाड कागद, काळी ठसठशीत रेघ, लाल जमीन, सावली कुठेच नाही. चेहरे एका बाजूने, डोळा मात्र समोरून बघावा तसा मोठा. पूर्वी कथेकरी असं एकेक पान लोकांसमोर धरून रामायण सांगत. ही एकोणिसाव्या शतकातली पैठणची शैली. आष्टीच्या शाळेत मी ती दरवर्षी फळ्यावर काढून शिकवते, पण अस्सल पान जन्मात पाहिलं नव्हतं. ते सापडलं तुझ्या घरात, म्हणजे बघ!

तेव्हापासून मला काही कळेनासं झालंय. चौथीतली मी दारात उभी आहे, हातात बक्षीस मिळालेलं लक्ष्मीचं चित्र, आणि तू भाकरी थापतेयस. तू हात धुतलेस, चित्र नीट पाहिलंस आणि चुलीत घातलंस. "हे देव सोडून बौद्ध झालो ना आपण? मंग परत कशाला घरात आणून राह्यलीस?" मी रडले, तर म्हणालीस, "रड. पण बराबर ध्यानात ठेव." ठेवलं की! मग हे पान कसं वाचलं? पुठ्ठा नव्हता, हाताला लागलं ते ठोकलंस, हेही तुला शोभतं; तू चिंधीसुद्धा फेकत नव्हतीस. पण मग चारी कडांना तुझ्या लुगड्याची पट्टी खळीने का चिकटवलीस? कागद फाटू नये म्हणून, की बुद्धांवर धूळ जाऊ नये म्हणून? दोन्ही पटतं आणि दोन्ही पटत नाही. खरं सांगू, रागही येतो. सीतेला भिंत आणि माझ्या लक्ष्मीला चूल?

काच तडकल्याचं धाकट्याला कळवलं होतं; संध्याकाळी त्याचा फोन आला. "ताई, मागचा पुठ्ठा सडला आसंल. नवा टाकला का न्हाई?"

"टाकला."

"अन् जुना?"

"फेकला," म्हटलं. पान माझ्या कपाटात आहे. विहाराचं सगळं तोच बघतो, चिडेल, म्हणून खोटं बोलले, अशी मी स्वतःची समजूत घातली. तसं नाही, माय. तो हसून "अगं, पुठ्ठाच व्हता त्यो" म्हणेल, याचीच मला भीती वाटली.