पेंढरवाडीच्या खिंडीतले केशरी बाण

२ ऑक्टोबर २००७, मंगळवार
सायकल आली. अठरा गिअर, पुढे शॉकअब्सॉर्बर, टायरला ट्रॅक्टरसारखे दात. वय चव्वेचाळीस (माझे). एकोणीस वर्षे कॉलेजात भूगोल शिकवतो, डोंगर फळ्यावर काढतो. आता डोंगरावर जायचे.

योजना: सापगावच्या पुलापासून निघून, पेंढरवाडीमागची खिंड चढून पलीकडे मुरबाडच्या रस्त्याला उतरणारी माउंटन बाइकिंगची ट्रेल. नकाशावर नऊ किलोमीटर. शहापूर-मुरबाड पट्ट्यात अशी ट्रेल कोणी केलेली नाही. ('कोणी केलेली नाही' आणि 'मला माहीत नाही' यांत फरक आहे. नोंदवून ठेवतो.)

या वहीचा एकच नियम: स्वतःशी खोटे बोलायचे नाही.

प्रेमा म्हणाली, “जिना चढताना थांबता तुम्ही.” थांबत नाही. विचार करतो.

७ ऑक्टोबर, रविवार
पहाटे ५.३०. निघतो.

११.१५. आलो. पेंढरवाडीपर्यंत सायकलवर, पुढे सायकलसह. चढ लागल्यावर उतरलो, पण तो थकवा नव्हे, पाहणी होती. सायकल खांद्यावर घेऊन चालणे हेही सायकलिंगच, असे एका वेबसाइटवर वाचले आहे. वाचले की मला तसे वाटले, ते आता आठवत नाही.

वाडीतला कमळू ओट्यावर बसला होता. साठीचा असेल. “गुरुजी, गाडी बंद पडली का?” म्हटले, ही सायकल आहे, बंद पडत नाही. “मंग ढकलता कशाला?” त्याची बायको बाळी काकड्यांची पाटी डोक्यावर घेऊन खिंडीकडे निघाली होती. पलीकडे उतरले की मुरबाडची जीप मिळते, डोंगराला वळसा घालून गेले तर अर्धा दिवस जातो म्हणाली. मला मागे टाकून गेली. अनवाणी. काकड्या जीपवाल्याकडे देऊन परत आली तेव्हा मी त्याच वळणावर पाहणी करत होतो. “गो बाई, अजून हितंच?”

८ ऑक्टोबर
मांड्या. तिन्ही तास बसून शिकवले.

१४ ऑक्टोबर, रविवार
ठाण्याच्या सायकलिंग ग्रुपला ट्रेलचे कळवले होते, त्यांची ईमेल. बाराजण २५ नोव्हेंबरला ट्रेल करायला येणार. ग्रुपचा प्रमुख प्रज्वल विचारतो, सर, तुम्ही स्वतः ही ट्रेल किती वेळा केली? लिहिले: सात.

हे खोटे आहे का? दिवसभर विचार केला. नकाशावर बोटाने सात वेळा पूर्ण केली आहे, आणि बोट एकदाही उचललेले नाही. 'सायकलवर' असा शब्द प्रश्नात नव्हता.

निर्धार: २५ नोव्हेंबरच्या आत संपूर्ण ट्रेल सायकलवरून, पाय न टेकता.

तक्रार: खिंडीत सिमेंटचे खांब येऊन पडलेत. कोणा शेठने बंगल्यासाठी तो उतार घेतला आहे, दिवाळीनंतर तारेचे कुंपण. ट्रेल मधोमध तुटणार! कमळू म्हणाला, “आमची वाट बंद होल, गुरुजी. पोरा शाळंत कुठशी जातील?” म्हटले, वाट नव्हे, ट्रेल. तो म्हणाला, “जी काय आसंल ती. बंद होल.” तीन कार्यालयांना अर्ज लिहिले. भाषा सौम्य पण ठाम.

२१ ऑक्टोबर, दसरा
सायकलची पूजा. हँडलची झेंडूची माळ सराव सुरू करताच पुढच्या चाकात गेली. सराव रद्द. धार्मिक कारणास्तव.

२८ ऑक्टोबर, रविवार
आज ट्रेलवर खुणा केल्या. रंगाचा विचार आठवडाभर चालू होता. पांढरा नको, वनखात्याची हद्द वाटेल. हिरवा झाडीत दिसणार नाही. लाल नको, दगडाला लाल फासले की लोकांना देव वाटतो, कोणाच्या श्रद्धेशी आपण का खेळावे? सर्व बाजूंनी तपासून केशरी घेतला. ऑइलपेंट.

एकतीस दगडांवर एकतीस बाण. ब्रश जाड असल्याने बाण जरा गोलसर आले, थोडे नाकासारखे. जिथे अवघड चढ, तिथे बाणाच्या वर दोन काळे ठिपके. चढ सगळेच अवघड असल्याने ठिपके सगळीकडे.

पाट्या घेऊन चाललेल्या बायका थांबून बघत होत्या. बाळीने हात जोडले. बहुधा मला.

४ नोव्हेंबर, रविवार
सात नंबरच्या बाणापाशी नारळाची भकले. कोणी ट्रेकर खाऊन गेला असावा. प्लॅस्टिक नाही, याचे समाधान.

चौदा नंबरचा बाण जागेवर नव्हता. वर खिंडीत पाहतो तो कमळू आणि आणखी दोघे पहारी लावून दगड सरकवत होते. माझे नऊ बाण कुंपणाच्या आखणीवर ओळीने बसवलेले. “गुरुजी, तुमचे देव जरा इकडं घेतले. चालंल ना?” म्हटले, देव नाहीत, बाण आहेत. तिघे एकमेकांकडे बघून हसले. “व्हय, व्हय. बाण तर बाण. आनखी रंग हाय का?”

लोकसहभाग! प्रकल्प लोकांनी आपला मानला. दुसरा डबा आणून दिला. बाण दिशा चुकवत आहेत ही बाब किरकोळ.

६ नोव्हेंबर, वाघबारस
वाडीचे बोलावणे. दिवाळीच्या तोंडावर आज ही माणसे वाघदेवाला पूजतात, ढोरांना सांभाळ म्हणून सांगतात. माझ्या चौदा नंबरच्या बाणापुढे दिवा, पानावर खीर, काकडी, नारळ. दगड खांबासाठी खणलेल्या खड्ड्यातच बसवलेला.

कमळूला बाजूला घेऊन विचारले, तुमचा खरा देव कुठे आहे? “खाली ओढ्याला. त्यालाच वर आनला आसता, पन तो जड. तुमचे हलके हायेत.”

ट्रेल स्थानिक संस्कृतीशी जोडली गेली, असे यातून म्हणता येईल.

एक अडचण. आजपासून या वाटेवर चपला नाहीत, वाहन नाही, असे वाडीने ठरवले. सायकलचे काय? कमळूने बराच विचार केला. “हातात धरून चालंल. बकरू नेतो तशी.”

११ नोव्हेंबर, भाऊबीज
शेठचे मजूर उरलेले खड्डे खणायला आले, दगडांचे डोळे बघून पहारी टाकून परत गेले. डोळे नव्हेत, ठिपके. शेठचा मॅनेजर जगदीश ओरडत राहिला, “अरे पेंट आहे तो, पेंट! वास घ्या!” कोणी वास घेईना. आता शेठ स्वतः येणार. २५ तारखेला. माझ्याच रविवारी.

प्रेमा म्हणाली, ग्रुपला नाही म्हणून कळवा. कशाला? कार्यक्रम दोन आहेत, जागा एक आहे, इतकेच.

१८ नोव्हेंबर, रविवार
भल्या सकाळी, वाडी उठायच्या आत, बावीस ते तेवीस नंबरच्या दरम्यान सायकल चालवली. चाळीस फूट. सलग! (अंतर मीच मोजले आहे, पावलांनी, थोडे उतारावर.) मग करवंदीतून बाळीचा आवाज. “गुरुजी, उतरा खाली. गावाला येक न् तुमाला येक का?” उतरलो. युक्तिवाद बिनतोड होता.

म्हणजे निर्धारातले चाळीस फूट झाले. उरलेले अंतर तात्त्विक.

२४ नोव्हेंबर, शनिवार
उद्या. प्रज्वलला फोनवर सांगितले की ट्रेल टेक्निकल आहे. तो खूश झाला.

२५ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी
जसे झाले तसे लिहितो.

बारा सायकली, बारा हेल्मेटे, खिंडीखाली आठ वाजता. सायकली ढकलत वर पोचलो, तो सगळी वाडी बसलेली. शेठ आणि जगदीश आधीच आलेले. शेठ माणूस वाईट नाही, नमस्कार वाकून केला. सगळ्यांसमोर म्हणाला, “सर, तुम्ही शिकलेले. एवढं सांगा, हा देव आहे की ऑइलपेंट? तुमचा शब्द ही माणसं मानतील. कुंपणाला तुमच्या सायकलींपुरतं गेट ठेवतो. चावी तुमच्याकडे. वर तुमच्या नावाचा बोर्ड.”

प्रज्वल कानाशी म्हणाला, “सर! प्रायव्हेट ट्रेल!”

दोन महिने मला जे हवे होते ते, वर बोर्ड. आणि उत्तर खरे होते, रंगाचा डबा माझ्या घरी आहे. वहीचा नियम आठवला. मग लक्षात आले, नियम स्वतःशी खोटे न बोलण्याचा आहे. शेठचा त्यात उल्लेख नाही.

कमळू गुडघ्यावरची माती खरवडत होता. बाळी वालाच्या शेंगांची पाटी डोक्यावर घेऊन उभी होती. ती टेकवतही नव्हती, जीप गाठायची असणार.

म्हणालो, “देव आहेत.”

“आणि हे दोन ठिपके?”

“डोळे.”

“कधीपासूनचे आहेत?”

इथे मला खोटे बोलवेना. म्हणालो, “खडक साडेसहा कोटी वर्षांचा आहे.”

पहिल्यांदा जगदीशने चपला काढल्या. मग शेठने बूट. लेस सोडायला वेळ लागला, जगदीशने वाकून मदत केली. मग सगळे ग्रुपकडे बघू लागले. बाराजणांनी पेडलला अडकणारे खास बूट काढून हँडलला टांगले आणि सायकली बकरासारख्या धरून, अनवाणी, ठेचकाळत खिंड उतरले. शेवटच्या बाणापाशी प्रज्वलने विचारले, “सर, सातही वेळा असंच केलंत?”

म्हणालो, “हो.”

चौघांनी नारळ फोडले. तीन तासांत परत ठाण्याकडे. ईमेल करतो म्हणालेत.

२९ नोव्हेंबर
ईमेल नाही. सर्व्हरचा प्रश्न असावा.

२ डिसेंबर, रविवार
खिंडीत गेलो. सायकल नेली नाही, टायरमध्ये हवा कमी वाटली. तपासली नाही. खांब शेठच्या माणसांनी टेम्पोत भरून नेले, खड्डे वाडीने बुजवले. दप्तरे घेऊन पोरे कालही याच वाटेने शाळेला गेली, असे कमळूने सांगितले. पुढच्या वाघबारशीला रंग घेऊन या म्हणाला, येता पाऊस लागला की फिका पडंल.

ट्रेल एकदा पूर्ण केली. पायी, तीन तास वीस मिनिटे. खिंडीच्या मधोमध उभा राहून तिथले बाण मोजत होतो. मागून बाळी आली, डोक्यावर पाटी.

“सरा गुरुजी, जीप सुटंल.”

सरलो.