काकांसाठी टेबल

३ मार्च, सायंकाळी ६.४०
ऑफिसातून आले तर परसातला शिरीष आडवा. शेजारी राहणाऱ्या सख्ख्या काकांनी पाडून घेतला. परस सामाईक, झाडही सामाईक, निर्णय एकट्याचा. कारण : शेंगा त्यांच्या पाण्याच्या टाकीत पडतात. टाकीला झाकण बसवणं हा दहा मिनिटांचा उद्योग आहे. आई म्हणाली, तुला विचारलं असतं तर तू पाडू दिलं नसतंस. बरोबर. शिवाय तिने तोडणाऱ्यांना चहा दिला. नोंद केली आहे.
मी रागावलेले नाही.

४ मार्च
ओंडका : लांबी २.६ मीटर, व्यास ५४ सेंमी. जळणात जाणार नाही. आठ जणांचं जेवणाचं टेबल करणार. २५ मेला आईचा साठावा वाढदिवस, काका येणारच. त्यांची खुर्ची खिडकीसमोर. घासागणिक खुंट दिसेल. ड्रॉइंग तयार.

९ मार्च
सॉ मिलमधून फळ्या आल्या. दोन इंची, आठ. काका म्हणाले, वा गं, झाडाचं सोनं केलंस! मी हसले. सुमारे दोन सेकंद.

१० मार्च
सुतार बघून गेले. म्हणाले, ताई, टोकांना रंग फासा, सावलीत रचा, आणि वाळायला इंचाला एक वर्ष धरा. म्हणजे दोन वर्षं! मी म्हटलं, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. ते म्हणाले, असू द्या, लाकडाला सांगू नका.
टोकं रंगवली तर ओलावा बाहेर पडणार कुठून? हे त्यांना सुचलेलंच नाही. फळ्या गच्चीवर उन्हात मांडल्या. दुपारी तिथली फरशी ५८ अंश. माझा हिशेब : ३१ दिवस.

२ एप्रिल
आई विचारते, गच्चीवर बोटं कोण मोडतंय? फळ्यांचा आवाज आहे. ताण मोकळा होतोय. अपेक्षित.

१० एप्रिल
मीटरवर ओलावा ११ टक्के. बरोबर ३१व्या दिवशी! सुतारांना फोन केला. म्हणाले, वरचं सांगू नका, आतलं बघा. मीटरच्या पिना पाच मिलिमीटरच जातात. त्याहून आत कोण जेवणार आहे?

२७ एप्रिल
सहा फळ्यांना तडे, टोकापासून अर्ध्यापर्यंत. टेबल आता चौघांचं. ठीक. गर्दीत सूड विरळ होतो.

१६ मे
उरलेल्या दोन पिळल्या. टेबल दोघांचं. मी आणि काका, पुरे. सुतारांनी फळी जमिनीवर ठेवली, ती डुलली. म्हणाले, ताई, यावर ताट ठेवाल तर घसरत तुमच्याच मांडीवर येईल. आणि हसले. मोजलं नाही.

२५ मे
जुन्याच टेबलावर जेवण. काकांना तरीही खिडकीसमोर बसवलं. खुंट त्यांना स्पष्ट दिसत होता. दोनदा वाढून घेतलं. म्हणाले, काय छान उजेड येतो गं आता!

२९ मे
काकांचे गुडघे दुखतात, स्कूटर फाटकाच्या पायरीवर चढवता येत नाही. एक वाकडी फळी मागितली. नकार देण्यापूर्वी, केवळ कुतूहल म्हणून, लावून पाहिली. फळीचा बाक पायरीवर तंतोतंत बसला. घसरू नये म्हणून खालून रबर मीच लावलं. काम अर्धवट सोडायची सवय नाही.
काका गल्लीभर सांगत सुटलेत, पुतणीने तीन महिने राबून खास माझ्यासाठी केलं.
तांत्रिकदृष्ट्या यात चूक काढता येत नाही.