मेईची तिसरी हाक

प्रिय मेबान,

हे पत्र सुमोवाल्या बाह स्टारकडे देते आहे. तुमच्या खोऱ्यात फोन लागत नाही हे एक कारण. दुसरं असं, की फोनवर मी अर्ध्यातच रडले असते आणि तू नेहमीसारखं 'बरं, ठेवतो' म्हणाला असतास. तेव्हा शेवटपर्यंत वाच. मध्येच चुलीत घालशील, तुझा काही भरवसा नाही.

बातमी अशी, की मी स्पीकर घेतले. बानशानला हवे होते तसलेच, छोटे. आपल्या तालमीच्या खोलीत तुझी ती दोन काळी धुडं अजून उभी आहेत. बहिणी येता-जाता म्हणतात, आपल्या रीतीने धाकटी म्हणून घर तुझ्या वाट्याला आलं, त्याचं तू गोदाम केलंस. म्हणू देत. मला बानशानचं अर्धवट राहिलेलं गाणं पुरं करायचं होतं, आणि धुडांवर ते पुरं होईना. काहीही वाजवा, नुसता दणदणाट.

ते स्पीकर घेताना तुम्हा भावांत झालेलं भांडण आठवतं ना? पैसे एकाच जोडीपुरते होते. तुला तालमीत भिंती हादरवणारे हवे होते. बानशानला रेकॉर्डिंगसाठी आहे ते आहे तसं ऐकवणारे हवे होते. ड्रम बडवणारा शांत स्पीकर मागतोय म्हणून आपण त्याला किती छळलं. तू तर म्हणालास, "एवढ्याशा डब्यातून काय आपल्या मेईची हाक ऐकायचीय तुला?" तो नुसता हसला. ते एक वाक्य तू दोन वर्षं उराशी धरून बसला आहेस. गिटार विकलीस तीही त्यापायीच. स्पीकर एवढे मोठे नसते तर त्या दिवशी मेईची हाक आत ऐकू आली असती, असं तुला वाटतं.

मी शहरातली. तुमच्या गावी पहिल्यांदा आले तेव्हा संध्याकाळी खोऱ्यातून कुणीतरी गात असल्यासारखं ऐकू आलं, आणि तू हातातला चहा टाकून पळालास. मागून बानशानने मला समजावलं, की कॉंग लारी (तो मला ताईच म्हणायचा), ते गाणं नाही, ते त्याचं नाव आहे. मूल झालं की त्याची मेई, त्याची आई, त्याच्यासाठी एक सूर रचते आणि जन्मभर त्याच सुराने त्याला बोलावते. माणूस वारला, देवाच्या दारी सुपारी खायला गेला, की त्याचा सूरही पुन्हा कुणी म्हणायचा नाही. मग त्याने स्वतःचा सूर मला गुणगुणून दाखवला. शेवटी एक उंच वळण होतं, त्याचा त्याला फार अभिमान. तुझा म्हणे त्यापुढे अगदीच सपाट.

तर स्पीकर. पोलीस बाजारात बाह क्लेमेंटच्या दुकानात गेले. कुठल्याशा चर्चने परत केलेली एक जोडी त्याच्याकडे होती, एकाचा कोपरा उडालेला, म्हणून स्वस्तात. त्याची विकायची पद्धत तुला ठाऊक आहे. आधी गिऱ्हाइकाला घाबरवतो. म्हणाला, स्वस्तातले बरेचसे स्पीकर तोंडपुजे असतात, वाईट वाजवलं तरी गोड करून सांगतात. हे गरीब आहेत, पण खोटं बोलत नाहीत. तुला तोंडपाठ असलेलं काहीतरी लाव, म्हणजे फरक कळेल. मला तोंडपाठ एकच रेकॉर्डिंग आहे. आपल्या शेवटच्या तालमीचं. धुडांवर मी ते शंभरदा ऐकलंय, त्यात ड्रमशिवाय आणि घरघरीशिवाय काही नाही. दर वेळी ते संपलं, की मला हायसं वाटायचं.

भर दुपारी, दुकानात चार माणसं असताना, ते लावलं. ड्रमच्या मागून, खूप लांबून, मेईचा आवाज आला. फाटकापासून. पहिली हाक, मग दुसरी. शेवटचं उंच वळणसुद्धा स्पष्ट. बाह क्लेमेंट म्हणाला, "कॉंग, मागे कुणीतरी गातंय." मी तिथेच बंद केलं आणि म्हटलं, शेजारचं कुणी असेल. जोडी घेतली आणि घरी येऊन तिच्यावर चादर टाकली. गेले नऊ दिवस वीज बंद केली तरी मला तो सूर ऐकू येतो. नळ सोडला तरी येतो. मला भीती वाटते, मेबान. बानशानची नाही, तो मला कशाला घाबरवेल? रेकॉर्डिंगमध्ये पुढे जे आहे त्याची.

त्या दिवसाचं तुला अर्धंच माहीत आहे. तू गिटारच्या तारा आणायला बाजारात गेला होतास. मेई तेजपत्ता विकून आली होती, तीनच्या सुमोने बानशानला संत्र्यांच्या तोडणीसाठी बरोबर नेणार होती. तिने फाटकातून तीनदा हाक मारली. चौथी मारायची नाही, हा तिचा हट्टी स्वभाव. तो आला नाही, म्हणून ती निघून गेली. मेई येऊन गेली हे मागाहून कळलं तेव्हा तो कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून सुमो गाठायला धावला, आणि त्या धुक्यात ते वळण आलं.

मातीच्या दिवशी मेई माझा हात धरून म्हणाली, "माझाच सूर चुकला असेल गं. नाहीतर माझं लेकरू आलं नसतं का?" मी तिला नुसतं पाणी दिलं. आता बाह स्टार सांगतो, की मेई तुलाही सुराने बोलावत नाही. शेजाऱ्याला मारावी तशी 'मेबान' म्हणून हाक मारते. तिचा स्वतःच्या गळ्यावर विश्वास उरलेला नाही. हे कळल्यावर मला चादर काढावीच लागली.

तिसरी हाक येते तेव्हा ड्रम थांबतो. तुझी धुडं घरघरत असतात, तरी या जोडीवर सगळं नीट ऐकू येतं. बानशान विचारतो, "मेई आली का?" आणि मी म्हणते, "कोणी नाही रे. अजून एकदा घेऊ."

मी हाक ऐकली होती. पण तोडणीला गेला म्हणजे महिनाभर तो परत यायचा नाही, आणि त्या दिवशी गाणं इतकं छान जमत होतं. एवढ्यासाठी. नंतर मी स्वतःला पटवलं, की ते वारं होतं, पाखरू होतं. धुडं मला साथ देत राहिली. तुझ्या स्पीकरांनी हाक बुडवली नाही, मेबान. मी बुडवली. मेईचा सूर चुकला नव्हता, आणि तिचं लेकरू उठायलाच निघालं होतं.

माझे ते शब्द कापून टाकायला मिनिटही लागलं नसतं. मी कापले नाहीत. शनिवारी ते रेकॉर्डिंग घेऊन येते. गेलेल्याचा सूर मेईला ऐकवायचा की नाही, ते तू ठरव, तो माझा अधिकार नाही. पण सूर बरोबर होता एवढं तिला आधी सांग, आणि खोटं कुणी बोललं तेही सांग. मी खाली उतरणार नाही, वरच्या रस्त्यावर थांबेन. खालून मेई तुला तुझ्या त्या सपाट सुराने बोलावताना ऐकू आली, की मी परत फिरेन.

तुझीच म्हणायचा हक्क उरला असेल तर तुझीच,
लारिहुन