हौदातली नीळ

श्री.
मुखेड, ४ एप्रिल २०२५

चि. रेणुकादास यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

सूनबाई मालविकाच्या मोबाइलवर तुझा आवाज येतो म्हणे. मला नुसते तिचे हलणारे ओठ दिसतात. कान पुरते गेल्यापासून भावाशी भांडायला कागदच बरा.

गल्लीत जुलाब-उलट्यांची साथ आहे. सुरुवात शेजारच्या गंगम्माच्या नातवापासून झाली. त्याला सलाइन लावून आणलं. तिच्याकडे शेळ्या, खरकटं, सगळं एका अंगणात. आमच्या सूनबाईंना सातवा सरत आलाय आणि डोहाळे कसले, तर गंगम्माच्या हातच्या ताकाचे. नको म्हटलं तरी भिंतीवरून पेला येतोच. अनय नोकरीसाठी नांदेडला, शनिवारी येतो. तोवर तिची राखण माझ्याकडे. मी प्यायला जारचं पाणी उकळून देते आणि ही तिकडे पिऊन येते. मी फार धास्तावले आहे.

नळाला आठवड्यातून एकदा, कधीही पाणी येतं. मला कळत नाही, म्हणून तोटी उघडीच ठेवते आणि नळी परसातल्या हौदात सोडते. पाणी पडायच्या आवाजानं मालविकाची झोप मोडायची, तर नळी पार तळाला नेली. धुण्याभांड्याचं पाणी बिनबोभाट भरतं. आहे की नाही तुझी अक्का हुशार?

माया वाढव, पोट वाढवू नकोस.

तुझी अक्का


लातूर, ९ एप्रिल

ती. अक्कास कृ. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. गंगम्माच्या शेळ्यांपेक्षा मला तुझ्या हुशारीचं भय वाटलं.

बादलीत बुडवलेल्या नळीतून पाणी ओढून दाखवण्यात माझी मास्तरकी गेली. नळाचं पाणी गेलं की लाइन रिकामी होते. त्यात उताराच्या बाजूला कुणी मोटार लावून ओढलं, तर तुझ्या बुडालेल्या नळीतून हौदच उलटा लाइनीत जातो. तुझा हौद उघडा, वर पेरूचं झाड, त्यावर दिवसभर पाखरं. आणि उताराला पहिलं घर गंगम्माचं.

मालविकाला फोन केला. ती म्हणाली, मामा, आई माझं ऐकत नाहीत, तुम्हीच लिहा. तिचा आवाज मला खोल गेलेला वाटला. अक्का, हट्ट नंतर कर. नळी आज बाहेर काढ आणि गंगम्मालाही सांग.

रागावलीस तरी लोभ असू दे.

तुझा रेणुकादास


मुखेड, १५ एप्रिल

चि. रेणुकादास यास आशीर्वाद, पण नाखुशीचे.

तुझं पत्र हाती पडण्याआधीच मालविका कोसळली. अनयनं तिला नांदेडच्या दवाखान्यात नेलं. सलाइन चालू आहे. बाळाची हालचाल मंदावली आहे, डॉक्टर थांबून पाहू म्हणतात. बहिऱ्या बाईचा तिथं काय उपयोग, म्हणून मी घरी. आणि अशा वेळी तू मला वर्गात बसवतोस. मी गंगम्माला काही सांगितलेलं नाही. हौदात कपड्यांच्या निळीची अख्खी पुडी कालवली आहे, नळी होती तिथंच आहे. पाणी येऊन गेलं की बघू कुणाचं तोंड निळं होतं ते.

पत्र तसंच पडून होतं. आज सतरा तारखेला पुढं लिहिते.

पाणी येऊन गेलं. जाता जाता उरलेलं ओढायला गंगम्मा मोटार लावतेच. थोड्या वेळानं ती दारात आली, हातात पांढरा मग, मगात निळसर पाणी. ओठांवरून एवढं कळलं की कुणी करणी केली का, असं विचारत होती. शिकलेली म्हणून माझ्याकडे आली होती. मी तिला परसात नेऊन हौद दाखवला, नळी दाखवली. तिनंच नळी ओढून बाहेर काढली. मग काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही, आणि पुन्हा सांग म्हणायची हिंमत झाली नाही.

रेणुकादास, आपल्याच हौदाचं पाणी मी शेजारणीच्या हातून सुनेच्या पोटात घातलं. नांदेडहून अजून खबर नाही. मला काही सुचत नाही.

अक्का


मुखेड, २ मे

चि. रेणुकादास यास अनेक आशीर्वाद.

मालविका घरी आली. वाळली आहे, पण बाळ नीट आहे. गंगम्माचा नातूही शेळ्यांमागे पळतो. मी गल्लीत दारोदार जाऊन सगळं सांगून आले. दोघीतिघी चिडल्या, त्यांचं मला ऐकू आलं नाही, तरी कळलं.

गंगम्मा त्या दिवशी काय बोलली, ते मालविकानं विचारून मला पाटीवर लिहून दाखवलं. अक्का, मोटार माझी हाय, पाणी म्या वढलं, असं म्हणाली होती ती. मी तिच्या शिव्या खायची तयारी ठेवून उभी होते. तिनं मोटार काढून ठेवली आहे. आता तिच्या ताकाला मी आडकाठी करत नाही, पाणी मात्र उकळायला लावते.

हौद घासून घेतला, झाकण बसवलं. नळी कापून काठापेक्षा वीतभर उंच टांगली. आता पाणी वरून धो धो पडतं म्हणे. मालविका दचकून उठते आणि माझा हात ओढून पोटावर ठेवते. आत बाळ लाथा झाडत असतं.

पाणी आलेलं मला आता असं कळतं.

बाळंतपणाला ये. भांडण तोवर राखून ठेवते.

तुझी अक्का