खुनाच्या घराची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, व्यवसाय खुनाचे घर दाखवणे, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहायचे नसते. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. थोरल्या मुलाने आणून पाहिला, पण चहा संपल्यावर तो उठून गेला. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र, ज्यात सगळे काही थोरल्याला दिले होते, ते मी रद्द करते. त्याची प्रत त्याच्याकडे असेल तर त्याने ती फाडावी आणि माझ्यावर रागवायचे तेवढे रागवावे. मी ऐकायला नसेन.

कलम पहिले, घर. हे दोन मजली घर माझ्या सासऱ्यांनी मातीमोलाने घेतले, कारण इथे दोन खून झालेले होते आणि कोणी राहायला धजत नव्हते. पुढे ते त्यांनी माझ्या नावावर केले, मुलाच्या नाही, कारण त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे हे, खुनाची गोष्ट सांगताना मध्येच हसत असत. घरावर बोजा नाही, भाडेकरू नाही, हिस्सेदार नाही. ते कोणाला जाणार हे खाली येईल. आधी घराची हकीकत लिहिते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की म्हातारीला भ्रम झाला होता.

शंभराहून जास्त वर्षांपूर्वी खालच्या मजल्यावर दोघी बहिणींचे बटणांचे आणि लेसचे दुकान होते. लग्न दोघींनीही केलेले नव्हते. एका दुपारी, दुकान उघडे असताना, थोरली गल्ल्यामागे आणि धाकटी जिन्यात मरून पडलेली सापडली. जखमा मोठ्या कात्रीच्या होत्या. कात्री सापडली नाही. संशय चौघांवर गेला: एकुलता एक भाचा, ज्याला सगळे मिळणार होते, वरच्या खोलीत राहणारा संगीत शिक्षक, शिवणकामाला ठेवलेली मुलगी, आणि रस्त्यावरून आलेला कोणी अनोळखी माणूस. कोर्टात उभी राहिली ती एकटी शिवणवाली. ती सुटली. त्यानंतर कोणालाच शिक्षा झाली नाही, आणि तेव्हापासून हे गाव यावर भांडत आहे.

या मृत्युपत्राच्या माझ्या दोन साक्षीदारांचेच पाहा. शेजारचा चाव्या बनवणारा म्हणतो, "आजी, मागच्या दाराचं कुलूप फोडलेलं नव्हतं. दुसरी किल्ली कुणाकडे? भाच्याकडे. झालं की." दातांच्या डॉक्टरीणबाईंना संगीत शिक्षकाचा संशय. "खाली दोन बायका मेल्या आणि वर याला काही ऐकू आलं नाही? मला काहीच दुखत नाही म्हणणारा पेशंट मी आधी खुर्चीत बसवते." या दोघांनी यावरून एकदा वर्षभर अबोला धरला होता. सही करायला एकत्र यायला कबूल झाले हे माझे नशीब.

मला विचाराल तर मला माहीत नाही. हे वाक्य मी या घरात उभ्या आयुष्यात उच्चारले नव्हते.

कलम दुसरे, धंद्याची चीजवस्तू. दोघी बहिणींचे मेणाचे पुतळे थोरल्याने हौसेने करवून घेतले. त्यातली धाकटी बहीण हुबेहूब माझ्या नणंदेसारखी दिसते, त्यामुळे जिन्यातून जाताना मी अनेकदा तिला मनातल्या मनात सुनावून घेतले आहे. हे पुतळे वितळवावेत. तांबडा रंग लावलेली कात्री खोटी आहे, भांडीवाल्याकडून आणलेली, ती भंगारात द्यावी. नणंदबाईंनी भर लग्नात मला चारचौघींत "मुडदेवाली" म्हटले होते. त्यांना माझी चांगली शाल द्यावी, म्हणजे त्यांना ती पांघरताना दर वेळी आठवेल.

राहिल्या चार काचेच्या बरण्या. त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

तिकिटाबरोबर आम्ही प्रत्येकाला एक बटण देतो. घर पाहून, गोष्ट ऐकून, बाहेर पडताना त्याने ते बटण आपल्याला ज्याचा संशय येतो त्याच्या बरणीत टाकायचे. भाचा, शिक्षक, शिवणवाली, अनोळखी. सासऱ्यांची कल्पना. लोकांना हे फार आवडते. शिवणवालीची बरणी कायम काठोकाठ भरलेली. वर्तमानपत्रांनी दोनदा छापले की जनतेचा कौल तिच्यावर आहे.

तो कौल जनतेचा नव्हता. तिची बरणी दाराला लागून ठेवलेली आहे. माणसे दमलेली असतात, लेकरे किरकिरत असतात, चपला शोधायच्या असतात. हातातले बटण दाराजवळच्या बरणीत पडते. शिवाय गोष्टही तिच्यावरच आणून संपवलेली. ती सुटली ती एका गिऱ्हाइकाच्या साक्षीमुळे. त्या बाईंनी कोर्टात सांगितले होते, "ती दुपारभर माझ्याकडे होती, मी तिला एकच बाही दोनदा उसवायला लावली." ही साक्ष आम्ही सांगत नाही. मी सून म्हणून नवी असताना सासऱ्यांना विचारले होते, "मामंजी, ही साक्ष का गाळायची?"

ते म्हणाले, "सांगितलीस तर गोष्ट मोडते."

"मग भाच्यावर संपवू या."

"भाच्याच्या नातवंडांचा दवाखाना आहे गावात. उद्या तुला ताप आला तर कुठे जाशील? शिक्षकाचे शिष्य जिकडे तिकडे. अनोळखी माणसाची गोष्ट ऐकायला कोणी तिकीट काढत नाही. शिवणवालीचं कोणी भांडायला येत नाही, पोरी."

मला ते पटले. नुसते पटले नाही, मी त्यात तरबेज झाले. तिने कात्रीला धार कशी लावली असेल ते मी हाताने करून दाखवत असे. कोणी शहारले की मला बरे वाटे.

कलम तिसरे, बचत. बँकेतली ठेव आणि गाडी थोरल्याला. गाडीचे मागचे दार आपटल्याशिवाय लागत नाही, हे त्याला माहीत आहे, तोच आपटून बिघडवणारा. थोरल्या सुनेने माझे शिलाई मशीन "थोडे दिवस" म्हणून नेले होते. ते आता तिचेच समजावे, मी मागून मागून थकले. बाकी भांडीकुंडी, कपाट, गाद्या यांवरून कोणी तोंड वाकडे करू नये. वाटून घ्या.

कलम चौथे, धाकटी सून. शिवणवालीचे कोणी भांडायला येत नाही, हे सासऱ्यांचे म्हणणे बरोबर ठरले. भांडायला कोणी आले नाही. सून म्हणून आली.

धाकट्याने लग्नाआधीच मला सांगितले होते, "आई, ही त्या शिवणवालीची पणती आहे. कोर्टातून सुटल्यावर पणजीला कोणी काम दिलं नाही. हिच्या आईला शाळेत पोरं दोन बोटांची कात्री करून दाखवायची. आता तरी गोष्ट बदल."

मी म्हणाले, "बघू."

त्या "बघू"ला आता नात बारा वर्षांची झाली.

विहीणबाईंनी या घराचा उंबरठा कधी ओलांडला नाही. लग्न हॉलमध्ये झाले, बारसे त्यांच्याकडे झाले, आणि मी सगळीकडे सांगत फिरले की बाईंना फार तोरा आहे. त्या वारल्या तेव्हा मी भेटायला गेले. जाताना फुले नेली. त्यांना त्या फुलांचा काय उपयोग?

धाकटा बोटीवर कामाला असतो, वर्षातले आठ महिने समुद्रात. माझे गुडघे गेल्यावर वर गोष्ट आणि खाली तिकिटे अशी ये-जा मला जमेना, तेव्हा तिकिटाच्या खिडकीत सून आपणहून बसली. खिडकी जिन्याखाली आहे. तिथे वरचे सगळे ऐकू येते. मी रोज तिच्या पणजीला खुनी ठरवत होते आणि ती खाली सुट्टे पैसे मोजून देत होती. मला लाज वाटत नव्हती असे नाही. शिवणवालीचा भाग आला की मी आवाज उतरवत असे. गोष्ट बदलली नाही, आवाज बदलला, आणि तेवढ्यावर मी स्वतःला चांगली सासू समजत होते.

कलम पाचवे, ज्यामुळे हे सगळे लिहावे लागले ते. गेल्या महिन्यात नातीच्या शाळेची सहल आमच्याच घरी आली. मी सुनेला म्हणाले, "तिला आज घरी ठेव, ताप आहे म्हणून सांग." सून म्हणाली, "तिला ताप नाहीये, आई." आणि ती खिडकीत जाऊन बसली.

त्या दिवशी मी ठरवून साक्ष सांगितली. बाही दोनदा उसवल्याचे सांगितले. शेवटी म्हणाले, "मुलांनो, कोणी केलं ते कोणालाच माहीत नाही." एक मुलगा म्हणाला, "पण माझे बाबा आलेले तेव्हा तुम्हीच सांगितलं, ती शिवणवाली होती." वर्गातली सगळी पोरे हसली. त्यांच्या घरी माझी गोष्ट माझ्याआधी पोचलेली होती. एकामागून एक बटणे दाराजवळच्या बरणीत पडत गेली. नात रांगेत होती. तिनेही माझ्याकडे न पाहता आपले बटण शिवणवालीच्या बरणीत टाकले आणि मैत्रिणीचा हात धरून बाहेर गेली. खिडकीतून सुनेने ते पाहिले. मी सुनेकडे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना मी विषय काढला. म्हणाले, "घर तुझ्या नावावर करते. आणि नातीला तिची खापरपणजी कोण, हे मी मृत्युपत्रात लिहून ठेवते."

सून म्हणाली, "म्हणजे तुम्ही नसाल तेव्हा मीच तिला वाचून दाखवायचं. परत माझ्याच गळ्यात. पणजीची गोष्ट तुम्ही तुमच्या तोंडाने सांगितलीत ना? मग हेही तुमच्याच तोंडाने सांगा. घराचं बघू नंतर."

मला राग आला. शेंगा तशाच टाकून मी आत गेले. दार लावून बसले तेव्हा कळले की तिचे बरोबर आहे म्हणूनच राग आला आहे. मेल्यावर खरे बोलायला मी निघाले होते, म्हणजे समोर कोणाचे तोंड पाहावे लागले नसते.

म्हणून कलम सहावे. हे घर, जमिनीसह, संपूर्णपणे आणि कोणतीही अट न घालता माझ्या धाकट्या सुनेला द्यावे. तिने राहावे, विकावे, पाडावे. थोरल्याचा यात काही हक्क नाही. "आई, गोष्ट आपल्या पोटापाण्याची आहे" असे तो म्हणतो, तर त्याचे पोट माझ्यापेक्षा मोठे आहे आणि त्याला नोकरीही आहे. घर दाखवणे मी गेल्या सोमवारपासून बंद केले आहे. बरण्या रिकाम्या करून धुऊन ठेवल्या आहेत, त्यांत डाळी भराव्यात.

कलम सातवे. हे मृत्युपत्र मी नातीला स्वतः पूर्ण वाचून दाखवल्याखेरीज त्यावर सही करणार नाही, आणि तोपर्यंत ते ग्राह्य धरू नये.

आज ते वाचून दाखवले. ती माझ्या पलंगावर बसून उशीच्या खोळीचा दोरा ओढत होती. तिची आई दारात उभी होती. माझा आवाज चौथ्या कलमाला फाटला, तरी उतरवला नाही. वाचून झाल्यावर नात म्हणाली, "मला माहीत होतं, आजी."

"कधीपासून?"

"खूप दिवस झाले. गल्लीतली पोरं बोलतात."

"मग बटण तिच्या बरणीत का टाकलंस?"

"सगळे टाकत होते. मी एकटीनं दुसरीकडे टाकलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, का म्हणून."

सून आत आली, तिने लेकीला जवळ घेतले. चारचौघांना भिऊन खरे गिळायची ही सवय मी कलम म्हणून लिहिलेली नाही, कारण ती मला कोणाला द्यायची नव्हती. पण ती मी नातीला आधीच देऊन बसले आहे.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचला आणि मान्य केला.

सही : खुनाच्या घराची आजी

वरील बाईंनी आमच्या समक्ष आणि आम्ही त्यांच्या समक्ष सही केली आहे. या मृत्युपत्रातून आम्हाला काहीही मिळत नाही.

साक्षीदार : १. शेजारचा चाव्या बनवणारा
२. दातांच्या डॉक्टरीणबाई

ठिकाण : वरच्या मजल्यावरची मागची खोली
दिनांक : शनिवार, सहामाही परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी