दोनशे बारावी नोंद

ता. ४ मार्च

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

कालच्या वर्तमानपत्रामुळे हे पत्र लिहावं लागतंय. सरकारने सांस्कृतिक वारशाच्या नऊ आंतरराष्ट्रीय करारांपैकी सातांवर सह्या केल्या; सातवा, लढाईत सीमेपलीकडून आणलेल्या वस्तू आणि दप्तरं परत देण्याचा. या प्रगतीचा तक्ता खात्यात तूच करतोस, म्हणून विचारते : आपल्या घरातल्या वहीचं काय?

शिलाई मशीनच्या खणातली, आईची मापांची जाड वही. बाबा लढाईत ट्रक चालवत होते, तेव्हा ओस पडलेल्या एका गावच्या कचेरीतून त्यांनी ती आणली. विचारलं की म्हणायचे, मिळाली. उचलली हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. मागची पानं कोरी होती, त्यांत आईने गिऱ्हाइकांच्या छाती-कंबरा लिहिल्या. पुढची पानं म्हणजे त्या गावातल्या जन्मांच्या नोंदी. मी कॉलेजात त्या गावची भाषा घेतली होती. तेव्हाच वाचलं आणि गप्प बसले, त्यामुळे दोष एकट्या बाबांचा नाही.

करारात ही वही बसते का, ते आढेवेढे न घेता कळव. गुडघा बरा आहे. लोभ आहेच, तो वाढव.

तुझी ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि हातातला चहा गार झाला. सही म्हणजे नुसतं लग्न ठरणं. मंजुरी मिळाली की ते लागतं. सातांपैकी चारच लागलीत, पण नेमका हा त्यांत आहे. वही बसते. जन्माची दप्तरं पाचव्या कलमात स्पष्ट लिहिली आहेत आणि त्याचं भाषांतर मीच केलंय.

पण ताई, नोंदींचं शेवटचं पान आठव. गावच्या दोनशे अकरा नोंदींखाली आईने दोनशे बारावी केली आहे, माझी. रकाने आयते आखलेले होते, तिने भरले. आता इथे लोक म्हणतील, हा जगाला परत द्यायला सांगतो आणि स्वतःच चोरीच्या वहीत जन्मलाय. सात महिन्यांनी मी निवृत्त होतोय. तेवढं पान ब्लेडने कापून घे आणि वही निनावी टपालाने पाठव. आईचं अक्षरही आपल्याकडे राहील.

रागावशील हे धरूनच लिहिलंय. माया आटू देऊ नकोस.

तुझा ढब्बू

ता. १५ मार्च

चि. ढब्बूस आशीर्वाद.

ब्लेड काढलं होतं, खोटं कशाला सांगू. आईचं अक्षर मलाही हवंय. पण त्याच पानावर, तुझ्या डोक्यावर, त्या गावची शेवटची अकरा मुलं आहेत, सगळी तुझ्या वयाची. निवृत्तीच्या कागदांना जन्माचा दाखला मागितला, तेव्हा तू चार दिवस घर डोक्यावर घेतलं होतंस. त्या अकरांनी तो कुठून आणला असेल? एका मुलीपुढे जुळ्यांतली दुसरी असं लिहिलंय. आपल्याला जुळं भावंड आहे हे तिला कुणी सांगितलं तरी असेल का?

पान कापणार नाही. निनावी तर मुळीच पाठवणार नाही. मंगळवारी अकराला वही घेऊन तुझ्या ऑफिसात येते. लाज वाटत असेल तर रजा टाक, मी दुसऱ्या कुणाच्या हाती देईन. रजा टाकलीस तरी माझ्या लेखी तू तोच ढब्बू राहशील.

तुझी ताई

ता. २३ मार्च

चि. ढब्बूस आशीर्वाद.

पोचेची तुझी प्रत माझ्या पिशवीत आली, ती सोबत पाठवते. मंगळवारी तू फाटकाशीच उभा दिसलास, इस्त्रीचा शर्ट घालून, तोंड मात्र गोळी गिळल्यासारखं. वस्तू कशी मिळाली या रकान्याशी माझं पेन अडलं, तेव्हा तू ते काढून घेतलंस आणि लिहिलंस : वडिलांनी विचारल्याशिवाय आणली. तुझ्या साहेबांनी दोनदा वाचलं आणि तुझ्यापुढे खुर्ची सरकवली. परतताना बसमध्ये मला रडू आलं. हे कुणाला सांगायचं नाही.

तुझी ताई

पोच

जन्मनोंदवही, एक. पानं एकशे चौऱ्याण्णव. एकही कापलेलं नाही.
गावच्या नोंदी दोनशे अकरा. घरची एक, तशीच ठेवली.
शिवणाच्या मापांची पानं बासष्ट. उरलेली कोरी.
देणार : बहीण आणि भाऊ. दोघांच्या सह्या.