अंगदुखीवर वाटलेल्या गोळ्या

कल्याण दाजी,

तुमच्या दानशूरपणाला तोड नाही! आरतीच्या नैराश्यावरच्या गोळ्या तुम्ही ऊसतोडीच्या टोळीला अंगदुखीसाठी वाटून टाकल्या. वर मला म्हणालात, "ती आता हसतीय की, गोळ्या कशाला?"

पाथर्डीत डॉक्टर समजावत होते, तेव्हा तुम्ही मुकादमाशी मोबाईलवर बोलत होतात. सततच्या ताणाच्या हार्मोनमुळे मेंदूतल्या पेशींचे निरोप एकमेकींना नीट पोचत नाहीत. गोळ्यांनी ते काही आठवड्यांत पोचू लागतात. ती हसली, ती त्यामुळेच.

मघाशी तिचा फोन आला. आवाज एकदम शांत. "दादा, आता कायबी वाटत न्हाई. माझ्या पोरीला तू संभाळशील ना?"

तेव्हापासून तिचाही फोन लागत नाही, तुमचाही. तुमच्याकडेच निघालेल्या जीपमध्ये बसून लिहितोय. हे टपालात टाकण्यात अर्थ नाही, त्याआधी मीच पोचेन. तोवर तिला एकटीला सोडू नका, दाजी.

तिचा भाऊ,
रामनाथ